पंचेचाळीस अंशांची रेघ

मे महिन्यात नागपूर-चंद्रपूरकडे किंवा जळगावला भर दुपारी गाडीत फोन चार्जिंगला लावला की तो हटून बसतो. एखादा फोन पडद्यावर सांगतो की तापमान वाढल्यामुळे चार्जिंग थांबवलंय. एखादा काहीच बोलत नाही, नुसते टक्के वाढायचे थांबतात. मग केबल बदलून पाहिली जाते, चार्जर बदलला जातो, शेवटी कंपनीच्या नावानं बोटं मोडली जातात. फोन मात्र नेमून दिलेला नियम पाळत असतो. साधारण ४५ अंश सेल्सिअसला ओढलेली ही रेघ कुणी ओढली आणि का, हे शोधत मागे गेलं की जवळजवळ प्रत्येक पिढीत कुठे ना कुठे आग लागलेली सापडते.

लिथियमच्या आधीच्या बॅटऱ्या या बाबतीत सोशिक होत्या. इन्व्हर्टरची लेड-ॲसिड बॅटरी गरजेपेक्षा जास्त चार्ज झाली तर आतलं पाणी बुडबुड्यांच्या रूपानं उडून जातं. आपण डिस्टिल्ड वॉटर ओतून मोकळे होतो. निकेल-कॅडमियमचा सेल भरल्यावरही वीज येतच राहिली तर तयार होणारा ऑक्सिजन आतल्या आत जिरवतो आणि गरम होतो. त्याचे काही चार्जर तर या गरम होण्यावरूनच सेल भरल्याचं ओळखत. लिथियमच्या सेलमध्ये ज्यादा वीज जिरवायची अशी सोयच नाही. सगळ्या कटकटीचं मूळ इथे आहे.

लिथियमचा मोह पडण्याचं कारण साधं होतं. धातूंमध्ये सगळ्यांत हलका, आणि इलेक्ट्रॉन सोडून द्यायला कायम तयार. १९७३च्या तेलटंचाईच्या सुमाराला एक्सॉन या तेल कंपनीतच स्टॅन्ली व्हिटिंगहॅम यांनी एका बाजूला टायटॅनियम डायसल्फाइड आणि दुसऱ्या बाजूला लिथियम धातू घेऊन पुन्हा चार्ज होणारी बॅटरी केली. ती चालायची. पण प्रत्येक चार्जिंगला लिथियम परत बसताना सपाट बसत नसे, त्याला बारीक तंतू फुटत. एखादा तंतू मधला पडदा भेदून पलीकडे टेकला की शॉर्ट सर्किट, आणि पेट. अग्निशमन दल प्रयोगशाळेत इतक्या वेळा आलं, की लिथियमची आग विझवायला लागणाऱ्या खास रसायनांचा खर्च आता तुमच्याकडून घेऊ, अशी तंबी कंपनीला मिळाली होती. व्हिटिंगहॅम यांनी मग शुद्ध लिथियम न वापरता त्यात ॲल्युमिनियम मिसळलं. पुढे तेल स्वस्त झालं आणि कंपनीचा रसही आटला.

इतकं होऊनही धातूचा हट्ट सुटला नाही. कॅनडात व्हँकुव्हरजवळ बर्नबी इथल्या मोली एनर्जीनं लिथियम धातूच्याच रिचार्जेबल बॅटऱ्या बाजारात आणल्या आणि त्या जपानमध्ये मोबाइल फोनमध्ये बसल्या. १९८९मध्ये फोनला आग लागली, माल परत घ्यावा लागला आणि कंपनी बुडीत निघाली. लिथियम धातूच्या रिचार्जेबल बॅटरीवरचा बाजाराचा विश्वास तिथेच उडाला.

तोवर दुसऱ्या वाटेची तयारी मात्र झालेली होती. जॉन गुडइनफ यांनी १९८०मध्ये ऑक्सफर्डला लिथियम कोबाल्ट ऑक्साइड पुढे आणलं होतं. जपानच्या आसाही कासेई कंपनीत अकिरा योशिनो यांनी १९८५मध्ये त्याच्यासमोर धातूऐवजी कार्बन ठेवला, पेट्रोलियम कोकचा. आता लिथियम धातूच्या रूपात कुठेच साचत नव्हतं. शाळेच्या पुस्तकात मोरपीस सरकवून ठेवावं तसा त्याचा आयन कार्बनच्या पापुद्र्यांत जाऊन बसे आणि बोलावलं की परत येई. योशिनो यांनी १९८६मध्ये नव्या सेलवर वरून लोखंडी वजन टाकून पाहिलं. त्याच प्रयोगात लिथियम धातूचा सेल भडकून पेटला, हा चेपला पण पेटला नाही. लिथियम-आयन बॅटरीचा जन्म त्या क्षणी झाला असं ते पुढे सांगत. २०१९चं रसायनशास्त्राचं नोबेल या तिघांना मिळालं, ते मला या वजनाच्या प्रयोगामुळे जास्त पटतं. जास्त वीज साठवणारा सेल आधीही होता; माणसाच्या खिशात ठेवण्याजोगा नव्हता.

सोनीनं १९९१मध्ये हा सेल विकायला काढला आणि त्याच्याबरोबर चार्जिंगची शिस्त आली. कोकवाले पहिले सेल ४.१ व्होल्टपर्यंत भरत. ग्रॅफाइट आलं तसा आकडा ४.२ झाला. हा आकडा काही कुणाच्या मनाला आलं म्हणून ठरला नाही. त्या व्होल्टेजला कोबाल्ट ऑक्साइडमधलं सुमारे निम्मं लिथियम निघून गेलेलं असतं. त्याहून फार जास्त ओढलं की उरलेली रचना डळमळते आणि तापल्यावर ऑक्सिजन सोडते. पलीकडे ग्रॅफाइटमध्ये जागा न उरल्यानं लिथियम पुन्हा धातू होऊन वर साचू लागतं, म्हणजे एक्सॉनचं जुनं दुखणं परत. म्हणून चार्जर आधी ठरलेला प्रवाह देतो, ४.२ गाठलं की व्होल्टेज तिथेच धरून ठेवतो, प्रवाह आपोआप घटत जातो आणि अगदी थोडा उरला की चार्जर बंद होतो. शेवटचे दहा-पंधरा टक्के रेंगाळतात ते यामुळे. हल्लीच्या फोनचे सेल ४.४ व्होल्टच्याही वर जातात, पण प्रत्येकाची हद्द ठरलेलीच असते.

जुन्या लॅपटॉपच्या पॅकमधला एखादा सेल हातात घेऊन पाहा. (फक्त पाहा, फोडू नका.) १८ मिलिमीटर जाडीची, ६५ मिलिमीटर उंचीची नळकांडी, दिसायला पेन्सिल सेलची मोठी बहीण. वरच्या टोपणाखाली एक पातळ चकती असते. आत वायू साचून दाब वाढला की ती उचलली जाते आणि जोड तुटतो, तो कायमचा. बऱ्याच सेलमध्ये तिच्याजवळ एक कडं असतं, तापलं की त्याचा विद्युतरोध एकदम वाढतो आणि प्रवाह अडतो. आतला पॉलिथिलीनचा पडदा साधारण १३० अंशांना वितळून स्वतःची छिद्रं बुजवतो. एकेका सेलमध्ये एवढी तटबंदी, आणि तरीही ती पुरली नाही.

२००६मध्ये ओसाकातल्या एका परिषदेत पेटलेल्या लॅपटॉपचा फोटो जगभर फिरला. त्याच वर्षी डेलनं सोनीचे सेल असलेल्या ४१ लाख बॅटऱ्या परत मागवल्या. सेल बनवताना आत धातूचे सूक्ष्म कण राहिले होते. पुढच्या वर्षी नोकियाची पाळी आली. मात्सुशिताच्या कारखान्यात तयार झालेल्या ४ कोटी ६० लाख बीएल-५सी बॅटऱ्या चार्जिंगच्या वेळी तापू शकतात, असं कंपनीनं ऑगस्ट २००७मध्ये जाहीर केलं. आपल्याकडे घरोघरी फोनची पाठ उघडून बॅटरीवरचा २६ अक्षरी क्रमांक तपासला गेला, तो हा प्रसंग.

आपली रेघ या दोन घटनांच्या मधल्या काळातली. एप्रिल २००७मध्ये जपानमधल्या इलेक्ट्रॉनिक्स आणि बॅटरी उद्योगांच्या संघटनांनी लॅपटॉपच्या बॅटऱ्यांसाठी मार्गदर्शिका काढली.  तिच्यात तापमानाच्या पायऱ्या आल्या. १० ते ४५ अंशांत पूर्ण चार्जिंग. ४५च्या वर हद्दीचं व्होल्टेज कमी करायचं, ६०च्या वर पूर्ण बंद. १०च्या खाली हात आखडता, शून्याच्या खाली अजिबात नाही, कारण थंडीत आयन कार्बनमध्ये लवकर शिरत नाहीत आणि बाहेरच धातू होऊन साचतात. बॅटरीच्या चार्जिंगवर देखरेख करणाऱ्या चिपांमध्ये या पायऱ्या कोरल्या गेल्या आणि लॅपटॉपसाठी केलेला नियम फोनमध्ये, ड्रिलमध्ये, सगळीकडे पसरला. नियम तयार करणाऱ्यांपुढे चंद्रपूरचा मे महिना होता असं वाटत नाही. तिथे सावलीतलं तापमानच ४५ ओलांडतं; बंद गाडीतलं तर विचारूच नका.

बॅटरीच्या आगींची किंमत महाराष्ट्रानंही मोजली आहे. मार्च २०२२मध्ये पुण्यात रस्त्याकडेला उभी असलेली इलेक्ट्रिक स्कूटर धडधडून पेटली. त्याच वर्षी सप्टेंबरात वसईत घरात आणून चार्जिंगला लावलेल्या स्कूटरच्या बॅटरीचा स्फोट झाला आणि सात वर्षांचं पोर गेलं. त्या साली देशभर लागलेल्या आगींनंतर एआयएस-१५६ हे बॅटरीच्या सुरक्षेचं मानक कडक झालं आणि १ डिसेंबर २०२२ व ३१ मार्च २०२३ अशा दोन टप्प्यांत लागू झालं. ही मानकं प्रसिद्ध करणारी एआरएआय ही संस्था पुण्याचीच. एक सेल पेटला तर शेजारचे कसे वाचतील आणि गाडीतल्यांना आधी इशारा कसा मिळेल, याची परीक्षा आता पॅकला द्यावी लागते. अनेक कंपन्यांनी लिथियम आयर्न फॉस्फेटची वाट धरली. उष्णतेला जास्त दाद न देणारं हे रसायन १९९७मध्ये अक्षय पाढी आणि के. एस. नंजुंडस्वामी यांनी गुडइनफ यांच्याबरोबर टेक्सासमधून प्रसिद्ध केलं होतं. त्याची हद्द ३.६५ व्होल्ट. त्याला ४.२चा चार्जर लावणं म्हणजे वरची सगळी शिस्त पाण्यात.

या सगळ्या पायऱ्या चार्जरला कळतात त्या थर्मिस्टरमुळे. तांदळाच्या दाण्याएवढा मणी, त्याला दोन बारीक तारा, सेलला चिकटपट्टीनं चिकटवलेला. २५ अंशांना त्याचा रोध बहुधा १० किलोओहम असतो आणि तापला की घटतो. पॅक वरचेवर बंद पडतो म्हणून कुणी मणी कापून तिथे १० किलोओहमचा साधा रेझिस्टर डकवला, की चार्जरच्या लेखी जन्मभर २५ अंशच. काम झकास होतं, गिऱ्हाईक खूश. पॅक दुरुस्तीला दिलात तर थर्मिस्टर जागेवर आहे ना, एवढं समोर उभं राहून विचारा. नसेल तर तो पॅक घरात घेऊ नका. उन्हातून आलेली स्कूटर तासभर सावलीत निवू द्या, मगच चार्जिंगला लावा. आणि फोननं चार्जिंग थांबवलं तर त्याला पंख्याखाली ठेवा, फ्रीजमध्ये नको. बाहेर काढल्यावर आत दव धरतं.