मिठाची वाट

दिवाळीची चकली जमली की सगळे भाजणीची तारीफ करतात. मिठाची आठवण होते ती ते कमी पडले तरच. आमचे बेंबळी गाव धाराशिवकडच्या माळावर. समुद्र दूर, मध्ये सह्याद्री. तरीही मिठागरांचा इतिहास आमच्या चुलीपर्यंत पोचतो. आगगाडीपूर्वी कोकणचे मीठ लमाणांचे बैल घाट चढून देशावर आणीत. लवण वाहणारा तो लमाण, अशी त्या नावाची व्युत्पत्ती कित्येक जण सांगतात.

मीठ पिकते उन्हावर. पावसाळा सरला की आगरी कुटुंबे मातीचे बांध दुरुस्त करतात, भरतीचे पाणी आत घेतात आणि एका कप्प्यातून दुसऱ्यात फिरवून आटवितात. शेवटी पायांनी तुडवून घट्ट केलेल्या वाफ्यात मीठ धरते. पावसाआधी त्याची रास बांधावर यायला हवी.

या धंद्याला संकटे नवी नाहीत. बारदेशच्या स्वस्त मिठापुढे संगमेश्वरचे मीठ टिकेना, तेव्हा 1671 साली शिवाजी महाराजांनी त्यावर जबर जकात बसविण्याची आज्ञा कुडाळच्या सुभेदारास दिली. पुढे इंग्रजांचा कर आला; 1930 साली शिरोड्यास सत्याग्रह झाला आणि 1947 साली तो कर उठला. माणसाने लादलेले माणसाला उठविता आले. आभाळापुढे मात्र अर्ज चालत नाही.

2017 च्या डिसेंबरात ओखी वादळाचा पाऊस आला, 2021 च्या मे महिन्यात तौक्ते. 2025 साली तर मोसमी पाऊस 26 मे रोजीच मुंबईत उतरला. एक जोराची सर, आणि वाफ्यातले मीठ पुन्हा पाणी! म्हणून ढग दिसताच मीठ ओढून घ्यायचे, रास झाकायची, बांध उंच करायचे, आणि जमेल तिथे खारजमिनीत भातही लावायचा. पनवेलच्या संशोधन केंद्राने खारटपणा सोसणारे भाताचे वाण काढले आहेत, त्यांचा आधार होतो.

आम्ही ज्या वळवाची चातकासारखी वाट पाहतो, तोच त्यांचा घास हिरावतो. पण 2025 च्या सप्टेंबरात आमच्याही जिल्ह्यात सोयाबीन पाण्याखाली गेले, तेव्हा ते दुःख आम्हांस उमगले. फरक एवढाच, की आमच्या पिकाचा पंचनामा होतो. मीठ मात्र सरकारदरबारी शेतमालात नव्हे, उद्योगात मोडते. उन्हातान्हात, चिखलात राबून जे पिकविले, त्याला पीक म्हणायचे नाही, तर काय म्हणायचे? वाचकहो, यंदा चकली खाताना एवढा विचार अवश्य करावा.