पुस्तकाच्या पोटातली जागा

पोकळ पुस्तक म्हणजे बाहेरून पुस्तक आणि आतून डबी. पुठ्ठा, पाठ आणि सुरुवातीची चार-दोन पाने जशीच्या तशी ठेवायची, उरलेली पाने एकमेकांना चिकटवायची आणि त्यांच्या मधोमध चौकोन कापून काढायचा. त्या पोकळीत अंगठी, नाणी, पत्रे, किल्ली असे काही ठेवून पुस्तक पुन्हा फळीवर उभे केले की ते शेजारच्या पुस्तकांत मिसळून जाते. या कारागिरीला तीन गोष्टी लागतात: शिवून बांधलेले जाड पुस्तक, ते कोणी वाचायला मागणार नाही याची खात्री आणि फळीवर त्याच्या सोबतीला आणखी पुस्तके. मराठी मुलखात या तिन्ही गोष्टी एकत्र यायला एकोणिसावे शतक उजाडावे लागले. मराठवाड्यातल्या गावांत तर विसावे.

त्याआधी घराघरांत होती ती पोथी. लांबट आडवी सुटी पाने, वरखाली लाकडी फळ्या, त्यावर बासन आणि दोरी. वाचणारा एकेक पान उचलून वाचतो आणि पालथे घालतो. अशा पोथीला कणाच नसतो, त्यामुळे तिला पोकळ करता येत नाही; मधे चौकोन कापला तर हाती राहतात ती फक्त भोक पडलेली सुटी पाने. शिवाय पाय लागला तर ग्रंथाला नमस्कार करणाऱ्या घरात त्यावर सुरी कोण चालवणार? पोथी जीर्ण झाली की तिची नक्कल करून घेत आणि जुनी प्रत नदीत सोडत. परभणी जिल्ह्यात हा मान अर्थातच गोदावरीचा. पूर्णा तालुक्यात कंठेश्वरला पूर्णा नदी तिला मिळते.

पोथीत वस्तू ठेवत नसत असे मात्र नाही. मोरपीस, पिंपळाचे जाळीदार पान, बेलाचे पान, पुढे एखादी नोट किंवा वाटणीची चिठ्ठी दोन पानांच्या मधे जाई. ते लपवणे कमी आणि जपणे जास्त होते, कारण पारायणाला पोथी सगळ्यांसमोर उघडली जाई. ज्ञानेश्वरी आणि एकनाथी भागवत सप्ताहात वाचणाऱ्या भागात पोथी ही गुप्त जागा होऊच शकत नव्हती. खरी गुप्त जागा म्हणजे उतरंडीतले खालचे मडके, कणगीतले धान्य, चुलीमागची जमीन आणि माळवदाच्या घराच्या हातभर जाड भिंतीतला कोनाडा. कागदपत्रे गुंडाळून पत्र्याच्या नळकांड्यात ठेवीत आणि ते आढ्याला टांगत.

शिवलेली वही अगदीच अनोळखी नव्हती. कीर्तनकाराचे बाड शिवलेले असे, सावकाराच्या चोपड्याही बांधलेल्या असत. पण बाड रोज हाताळले जाई आणि चोपडीत तर लोकांचे नशीबच लिहिलेले होते. १८७५ साली पुणे आणि नगर जिल्ह्यांत शेतकरी सावकारांवर उठले तेव्हा त्यांनी दागिन्यांपेक्षा कर्जखतांना आधी आग लावली, ती उगीच नव्हे.

मराठवाड्याला कागदाची वाण कधीच नव्हती. दौलताबाद आणि खुलताबाद यांच्या मधे कागजीपुरा वसलेले आहे. मुहम्मद तुघलकाने १३२७ मध्ये राजधानी देवगिरीला हलवली तेव्हापासून तिथे कागद होत आला, असे परंपरा सांगते. चिंध्या आणि तागाच्या लगद्यापासून हाताने केलेला, घोटून गुळगुळीत केलेला हा दौलताबादी कागद शतकानुशतके टिकला. यंत्रावरचा स्वस्त कागद तसा नाही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात लाकडाच्या लगद्याचा, तुरटी आणि राळेची कांजी दिलेला कागद सर्वत्र आला. त्यात आम्ल तयार होते, ते धाग्यांना आतून खाते आणि पन्नास-शंभर वर्षांत पान पिवळे पडून कोपऱ्यातून तुटू लागते. मराठवाड्याचा कडक उन्हाळा त्यात भर घालतो. म्हणून घरातले तीनशे वर्षांचे हस्तलिखित अजून दुमडता येते आणि आजोबांच्या शाळेतले पुस्तक हातात घेताच चुरते. पोकळ करण्याजोगे जीर्ण पुस्तक हा असा बराचसा या कागदाचा आणि कसर-वाळवीचा वारसा आहे.

मराठी छपाई आली तरी पोथीचा आकार लगेच गेला नाही. मुंबईत गणपत कृष्णाजींनी १८३१ मध्ये पंचांग छापले. छापील शाईत चरबी असते म्हणून सोवळे लोक छापील कागदाला शिवत नसत, तेव्हा त्यांनी शाईत तूप वापरले, अशी नोंद गोविंद नारायण माडगावकरांच्या ‘मुंबईचे वर्णन’ (१८६३) या ग्रंथात आहे. धार्मिक पोथ्या पुढेही बराच काळ सुट्या पानांच्याच निघत. कापडी पुठ्ठ्याची जाड पुस्तके आली ती शाळेतून, मिशनमधून, आणि सर्वांत जास्त कचेरीतून. कायद्याचे संग्रह, अहवाल, कोश, हिशेबाचे रजिस्टर: एकदा मांडून ठेवले की वर्षानुवर्षे कोणी उघडणार नाही असे साहित्य सरकारनेच पुरवले, असे म्हणायला हरकत नाही.

युरोपात बांधीव पुस्तकाची परंपरा जुनी, त्यामुळे पोकळ पुस्तकही तिथे जुने. व्हेनिसच्या कोर्रेर संग्रहालयात फ्रान्चेस्को मोरोसिनी या सेनानीच्या नावाने एक प्रार्थनापुस्तक दाखवतात. मोरोसिनी १६८८ ते १६९४ या काळात व्हेनिसचा प्रमुख होता. त्या पुस्तकाच्या पोटात पिस्तूल बसवलेले आहे आणि त्याचा चाप खुणेच्या रेशमी फितीने ओढता येतो. अमेरिकेत १९२० ते १९३३ दारूबंदी होती, त्या काळात पुस्तकाच्या आकाराच्या डब्यांत बाटली दडवली जाई.

हिंदुस्थानातले सर्वांत गाजलेले पोकळ पुस्तक मात्र काही जपून ठेवण्यासाठी नव्हते. १९०८ च्या सुरुवातीला कोलकात्याचा प्रेसिडेन्सी मॅजिस्ट्रेट डग्लस किंग्सफोर्ड याच्या घरी एक पार्सल पोहोचले. आत हर्बर्ट ब्रूम यांचा इंग्लंडच्या सामान्य कायद्यावरचा जाडजूड ग्रंथ होता. हेमचंद्र दास कानूनगो यांनी त्याची पाने मधून कापून पोकळीत कोकोच्या डब्यात भरलेला बाँब बसवला होता. पुस्तक उघडले की स्प्रिंगने स्फोट व्हावा अशी योजना होती. किंग्सफोर्डला वाटले की कोणीतरी उसने नेलेले पुस्तक परत केले. त्याने ते न उघडताच ठेवून दिले आणि पुढे त्याची बदली मुझफ्फरपूरला झाली. पुस्तकाचा पत्ता पोलिसांना लागला तो पुढच्या वर्षी. न वाचलेल्या कायद्याच्या पुस्तकाने न्यायाधीशाचा जीव वाचवला, ही या प्रकरणातली खरी गंमत.

या पुस्तकाची दुसरी बाजू महाराष्ट्राला जोडलेली आहे. हेमचंद्र पॅरिसला बाँबविद्या शिकले तेव्हा पारनेरचे पांडुरंग महादेव बापट, म्हणजे पुढचे सेनापती बापट, त्यांच्याबरोबर होते. पुस्तकातला बाँब फसल्यावर ३० एप्रिल १९०८ रोजी खुदीराम बोस आणि प्रफुल्ल चाकी यांनी मुझफ्फरपूरला किंग्सफोर्डची समजून दुसऱ्याच गाडीवर बाँब टाकला आणि दोन इंग्रज स्त्रिया मेल्या. त्यावर ‘केसरी’त लिहिलेल्या लेखांसाठी लोकमान्य टिळकांवर खटला होऊन जुलै १९०८ मध्ये त्यांना सहा वर्षांची शिक्षा झाली आणि ते मंडालेला गेले. याच बाँबविद्येच्या एका पुस्तिकेची चक्रमुद्रित प्रत पुढे नाशकात बाबाराव सावरकरांच्या घरझडतीत सापडली.

पोकळ पुस्तकाच्या नेमकी उलट युक्ती बाबारावांचे धाकटे भाऊ विनायक दामोदर सावरकर यांच्या १८५७ वरच्या ग्रंथाची. प्रसिद्ध होण्याआधीच त्यावर बंदी आली होती. १९०९ मध्ये हॉलंडात छापलेल्या इंग्रजी प्रती हिंदुस्थानात आल्या त्या दुसऱ्या पुस्तकांची वेष्टने लेवून. त्यांत डिकन्सच्या ‘पिकविक पेपर्स’चे नाव असलेलेही होते. म्हणजे पोकळ पुस्तकात बाहेरचे खरे आणि आतले खोटे, इथे आतले खरे आणि वरचे खोटे. त्याच वर्षी चतुर्भुज अमीन यांनी पेटीच्या दुहेरी तळात २० ब्राउनिंग पिस्तुले मुंबईला आणली. त्यांतल्या एकाने २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात अनंत कान्हेरे यांनी कलेक्टर जॅक्सनला मारले.

पूर्णा–नांदेड लोहमार्गावरच्या चुडाव्यासारख्या गावांत बांधीव पुस्तक पोहोचायला रेल्वेचा हातभार मोठा. मनमाड ते हैदराबाद ही मीटर गेजची गोदावरी व्हॅली रेल्वे १९०० च्या सुमारास सुरू झाली आणि परभणी, पूर्णा, नांदेड हा पट्टा मुंबई-पुण्याच्या छापखान्यांना जोडला गेला. पण हा पट्टा निजामाच्या राज्यात. कचेरीची भाषा आधी फारसी, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून उर्दू. शाळेतली आणि कायद्याची जाड पुस्तके उर्दू, घरातली पोथी मराठी, जुनी खते मोडी. पुस्तके बांधणारा तो जिल्दसाज. फर्मे जुजबंदीने शिवायचे, पाठीला कापड लावायचे, चिंचोक्याची किंवा मैद्याची खळ वापरायची आणि कीड लागू नये म्हणून तिच्यात मोरचूद घालायचा, ही त्याची रीत. जुन्या घरांत पोथीच्या बासनात वेखंडाचा तुकडा ठेवीत तो याच कारणासाठी.

१७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद संस्थान भारतात आले आणि उस्मानिया विद्यापीठातही उर्दू माध्यम गेले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात सामील झाला. एका पिढीच्या आत उर्दू कायदेसंग्रह, महसुली नियमावल्या आणि पाठ्यपुस्तके यांचे वाचक नाहीसे झाले. बांधणी भक्कम, कागद बरा, पण उघडणारा कोणी नाही. पोकळ पुस्तकासाठी याहून योग्य माल मिळणे कठीण. प्रत्यक्षात त्यातला बराचसा रद्दीच्या तराजूत गेला आणि त्याच्या पुड्या झाल्या.

सार्वजनिक ग्रंथालयांचीही स्वतःची वाट आहे. हैदराबाद राज्याचा ग्रंथालय कायदा १९५५ चा, महाराष्ट्राचा १९६७ चा. दाखलनोंदवहीत चढलेले पुस्तक फाटले म्हणून ग्रंथपालाला ते सरळ फेकता येत नाही. समितीच्या मंजुरीने निर्लेखन करावे लागते आणि मग ते वजनावर विकले जाते. हौशी कारागिरांना जाड, भक्कम पुठ्ठ्याची पुस्तके मिळतात ती बहुधा याच ढिगातून.

कृती सोपी आहे, पण वेळखाऊ आहे. पुठ्ठा शाबूत असलेले पुस्तक घ्यायचे. पहिली काही पाने मेणकागद घालून वेगळी करायची, म्हणजे ती चिकटत नाहीत. उरलेल्या पानांच्या तिन्ही बाहेरच्या कडांना पाण्यात पातळ केलेला डिंक कुंच्याने लावायचा, वर वजन ठेवायचे आणि रात्रभर वाळू द्यायचे. १९५९ पासून बाजारात आलेल्या फेव्हिकॉलने या कामातून खळ जवळजवळ हद्दपार केली. ते बरेच झाले, कारण मैद्याच्या खळीला कसर लागते. मग कडेपासून बोटभर जागा सोडून चौकोन आखायचा आणि पोलादी पट्टी धरून धारदार पात्याने एका वेळी चार-सहा पानेच कापायची. घाई केली की पाते तिरके जाते आणि खालचा चौकोन वरच्यापेक्षा लहान होतो. नवशिक्याचे पुस्तक याच खुणेवरून ओळखू येते. पोकळीच्या भिंतींना आतूनही डिंक द्यायचा आणि जुन्या लुगड्याचा किंवा खणाचा तुकडा अस्तर म्हणून लावायचा.

आत काय ठेवायचे, यालाही मर्यादा आहेत. मराठवाड्यातल्या घरांत चारमिनार उमटवलेला निजामाचा हाली रुपया अजून निघतो. १९५० नंतर सात हाली रुपयांना सहा भारतीय रुपये असा दर होता आणि १९५९ मध्ये हाली चलन बंद झाले. असे नाणे, किल्ली, नथ, बाळाचा वाळा यांना पोकळ पुस्तक चालते, फक्त चांदी कापडात गुंडाळावी लागते, नाहीतर ती काळवंडते. जुने फोटो आणि पत्रे मात्र आम्लयुक्त कागदाच्या भिंतीत पिवळी पडतात. रोकड आणि सोने ठेवण्यात फारसा शहाणपणा नाही: चोराला पुस्तकांत रस नसला तरी रद्दीवाल्याला असतो, आणि घरातल्या नव्या सुनेला आतले गुपित कोणी सांगितलेले नसते.

कापायचे काय, हा प्रश्न जास्त नाजूक. पुरावशेष व कलासंपदा अधिनियम, १९७२ नुसार ऐतिहासिक किंवा वाङ्मयीन महत्त्वाचे ७५ वर्षांहून जुने हस्तलिखित हा पुरावशेष ठरतो. ते कापणे हा छंदाचा विषय राहत नाही. छापील पुस्तकांच्या कोऱ्या पानांवरही जन्ममृत्यूच्या, देण्याघेण्याच्या नोंदी केलेल्या आढळतात. मराठवाड्यात अशा नोंदींची किंमत २०२३ मध्ये अचानक वाढली. त्या सप्टेंबरात राज्य सरकारने न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली आणि मराठा आरक्षणासाठी लागणाऱ्या कुणबी नोंदींसाठी निजामकालीन कागद धुंडाळणे सुरू झाले. जिल्ह्याजिल्ह्यांत जुनी महसुली आणि शाळेची दप्तरे उघडली गेली, मोडी आणि उर्दू वाचणाऱ्यांना एकदम मागणी आली.

सुरीखाली जायला मग उरतात ती कालबाह्य गाइडे, संगणकाच्या जुन्या आवृत्त्यांची पुस्तके, रद्द झालेल्या नियमांचे संग्रह आणि संचातून एकटे पडलेले कोशखंड. टेलिफोन डिरेक्टरी जाडीला उत्तम, पण तिचा पुठ्ठा लवचीक असल्याने ती उभी राहत नाही.