अनारसा आणि त्याचे दक्षिणेकडील आप्त

पुण्याचें स्वारगेट ओलांडलें, कीं साताऱ्याची वाट लागते, आणि तीच पुढें कोल्हापुरावरून कर्नाटकांत उतरते. या नाक्याच्या आसपासच्या घरांतून दिवाळीस जो अनारसा तळला जातो, त्याचे आप्त त्याच दिशेनें पुढें गेल्यास भेटतात. तमिळ मुलुखांतील अधिरसम् हा त्याचा सख्खा भाऊ. केरळांतील उण्णियप्पम् चुलत म्हणावा.

ऋग्वेदांत तुपानें युक्त अशा अपूपाचा उल्लेख आहे. पाणिनीच्या सूत्रांतही तो शब्द येतो. मराठी आप्पे, हिंदी पुआ व दक्षिणेकडील अप्पम् यांचें मूळ त्यांत शोधण्यांत येतें; अप्पम् मूळचा द्राविडच, असेंही कांहीं पंडित मानतात. वाद शब्दाचा आहे. कृति मात्र एकमेकींस ओळखतात. 1676 च्या सुमारास व्यंकोजींनीं तंजावर घेतलें आणि मराठी व तमिळ चुली शेजारी आल्या. परंतु तेवढ्यावरून अनारसा कोणाकडून कोणाकडे गेला हें ठरत नाहीं.

अनारशाचा तांदूळ 3 दिवस भिजवितात व रोज पाणी बदलतात. मग तो निथळून, फडक्यावर पसरून, दमट असतांनाच कुटावयाचा. भिजल्यानें दाणा किंचित् आंबून मऊ होतो व पीठ बारीक निघतें. त्यांत गूळ मिसळून गोळे मुरत ठेवतात. गूळ ओलावा धरून ठेवतो, म्हणून तें नासत नाहीं. अधिरसम् करतांना गुळाचा पाक ओल्या पिठांत ओततात, एवढाच मुख्य भेद. तळतांना खसखशीची बाजू वर ठेवून, न उलटतां, झाऱ्यानें तूप उडवितात. गूळ अधिक पडला किंवा तूप पुरतें तापलें नाहीं, कीं तो विरघळून पसरतो. 'अनारसा हंसला', असें गृहिणी म्हणतात. हंसण्याचें एवढें भय दुसऱ्या कोणत्याही पक्वान्नास नसावें.

पीठ कोरडें पडल्यास पिकल्या केळ्याचा लहानसा तुकडा त्यांत मळण्याची रीत मराठी घरांत आहे. केरळांत केळें हें कृतीचें नित्य अंग: तांदळाचें पीठ, गूळ, केळें, वेलची व तुपांत परतलेले नारळाचे काप आप्पेपात्राच्या खळग्यांत तळतात. कोट्टारक्करा येथील गणपतीस याचाच नैवेद्य असतो, ही गोष्ट मोदकाच्या पुण्यास मुद्दाम सांगण्याजोगी.

अधिक महिन्यांत जावयास 33 अनारशांचें वाण देतात. आतां पुष्कळ घरांत पीठ वाण्याकडून तयार येतें. त्यामुळें श्रम वांचले, हें खरेंच. पण तो अनारसा तुपांत हंसूं लागला, तर दोष गुळाचा कीं ओलाव्याचा, हें सांगणारें कोणी घरांत उरलेलें नसतें.