सालामांकाचा प्रश्न
सत्तेला सर्वांत टोकदार प्रश्न कधीकधी तिच्याच अंगणातून विचारला जातो. १५३९ साली स्पेनमधील सालामांका विद्यापीठात फ्रान्सिस्को दे व्हितोरिया या डॉमिनिकन धर्मपंडिताने मांडले, की अमेरिकेतील मूळ रहिवासी आपल्या भूमीचे खरे मालक आहेत. ते ख्रिस्ती नाहीत एवढ्याने ती मालकी संपत नाही. यावर रास्त आक्षेप असा, की प्रवास, व्यापार किंवा धर्मप्रसार अडवल्यास युद्ध न्याय्य ठरते, ही पळवाटही त्यानेच ठेवली. ती अमेरिकेतील स्पॅनिश जेत्यांच्या सोयीची होती, हे खरेच. पण हा विचार निव्वळ सोयीचा असता, तर स्पेनचा राजा असलेल्या सम्राट पाचव्या चार्ल्सने त्याच वर्षी अशा चर्चेला मनाई करणारे पत्र व्हितोरियाच्या मठप्रमुखाला धाडले नसते. विजयालाही समर्थन लागते, हे एकदा मान्य झाले की ते समर्थन नाकारण्याची वाट खुली होते. सालामांकाचे मोल तिथेच आहे.