जामखेडचा हापसा

सावेडीत गटार तुंबलं की वाद ठरलेला: काम महापालिकेचं की आपलं? या वादात आपल्याच जिल्ह्यातलं जामखेड आम्हाला नेहमी आठवतं.

१९७० साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे जामखेडला आले. दवाखाना काढला, पण लोक म्हणाले, आधी पाणी द्या. १९७२ चा दुष्काळ जुन्या माणसांना सांगायला नको. बाहेरच्या संस्थांच्या मदतीने गावोगाव बोअर घेतले गेले. बोअर कुठं घ्यायचा, यात खरी मेख होती. आरोळ्यांनी पुष्कळ ठिकाणी हापसे दलित वस्तीत बसवले. वरच्या आळीच्या बाया घागरी घेऊन तिथं आल्या! महाडचं तळं ठाऊक असलेल्यांना याचा अर्थ वेगळा सांगायची गरज नाही.

पुढे गावात शेतकरी मंडळं, महिला मंडळं उभी राहिली. सगळ्या जातींची माणसं एका सतरंजीवर बसू लागली. शिकलेल्या नर्सबाई खेड्यात टिकेनात, तेव्हा गावानेच निवडलेल्या बाया आरोग्य सेविका झाल्या. कित्येक निरक्षर, कित्येक आपल्या समाजातल्या. बाळंतपण, लसीकरण, क्षय-कुष्ठाची ओळख त्या शिकल्या. सरकारी दवाखान्याशी गावाचा दुवा त्याच. १९७१ च्या सुमारास हजारी १७६ बालकं वर्षाच्या आत दगावत. नव्वदच्या दशकात तो आकडा विसाच्या आसपास आला.

१९७९ साली आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. मेबलताई १९९९ साली गेल्या, डॉक्टर २०११ साली. मुलांनी काम पुढे चालवलं.