राजूरच्या राजवाड्यातील घोटाळा

भोकरदन तालुक्यातील राजूर हे परंपरेने वरेण्य राजाचे नगर. गणेशपुराणाच्या क्रीडाखंडात पार्वतीचे गजमुख बाळ नंदी नेऊन झोपलेल्या पुष्पिका राणीच्या कुशीत ठेवतो. बैलाने पार पाडलेली ही अदलाबदल! वरेण्य भेदरतो, मूल अरण्यात टाकवितो. पराशर ऋषी ते वाढवितात. आम्हांस गंमत वाटते ती ही, की बाप भस्म फासून रुंडमाळा घालतो, मोराचा डोळा सापावर आणि सापाचा उंदरावर, अशा स्मशानवासी घरात हे मुख कोणालाच खटकले नाही. दचकला तो राजवाडा. सिंदुरासुराच्या वधानंतर पस्तावलेल्या वरेण्याला गजानन गणेशगीता सांगतो (अध्याय १३८ ते १४८). भगवद्गीतेशी तिचे साम्य उघड आहे. आम्ही मात्र ती टाकलेल्या मुलाचे बापाशी झालेले पहिले निवांत बोलणे म्हणून वाचतो.