उसनं ऊन

१९९९ साली इटलीतल्या एका डोंगरी खेड्यात जाकोमो बोन्झानी या वास्तुविशारदाने चर्चच्या दर्शनी भिंतीवर सूर्यघड्याळ करायचं सुचवलं. अडचण एकच होती. त्या गावात वर्षातले ८३ दिवस ऊनच पडत नाही.

गावाचं नाव विगानेल्ला. देशाच्या उत्तर टोकाला, स्वित्झर्लंडच्या सीमेजवळच्या अंत्रोना खोऱ्यात ते वसलंय. दगडी घरं, छपरांवरही दगडाच्याच फरश्या. पूर्वी इथल्या डोंगरांत लोखंड निघायचं, उन्हाळ्यात गुरं वरच्या कुरणांवर जायची. विसाव्या शतकात आल्प्समधल्या अशा कितीतरी गावांतून माणसं पोटापाण्यासाठी खाली शहरांत उतरली. विगानेल्लात उरली दोनशेहून कमी.

ऊन न पडण्याचं गणित सोपं आहे. डिसेंबरच्या शेवटी भर दुपारी पुण्यात सूर्य क्षितिजापासून साधारण ४८ अंश वर असतो, विगानेल्लात जेमतेम २०. दक्षिणेचा डोंगर त्याहून उंच. त्यामुळे ११ नोव्हेंबरला सूर्य डोंगराआड जातो तो २ फेब्रुवारीलाच परततो. २२ डिसेंबरवर कॅलेंडरची घडी घातली, तर या दोन तारखा जवळजवळ एकमेकींवर बसतात. २ फेब्रुवारी हा चर्चमधला मेणबत्त्यांचा सण, कांदेलोरा. उजेडाच्या सणाला इथे खरंच उजेड येतो.

शतकानुशतकं लोकांनी हे चालवून घेतलं. पण सूर्यघड्याळाचा विषय निघाला आणि महापौर पिएरफ्रांको मिदाली यांनी प्रश्न उलटा केला. घड्याळाचं राहू दे, सूर्यच गावात आणता येईल का?

बोन्झानी यांनी एंजिनियर एमिलियो बार्लोक्को यांच्या मदतीने आरसा उभा केला. ८ मीटर रुंद, ५ मीटर उंच, पोलादी, वजन ११०० किलो. तो बसवला सुमारे ११०० मीटर उंचीवर, हिवाळ्यातही जिथे ऊन पोहोचतं अशा उतारावर. १७ डिसेंबर २००६ ला गावाच्या चौकात हिवाळ्यातलं पहिलं ऊन पडलं.

आरसा कॉम्प्युटरवर चालतो. तो सूर्याकडे रोखून चालत नाही आणि चौकाकडेही नाही. त्या दोन दिशांच्या बरोबर मधे रोखावा लागतो. सूर्य सरकत राहतो, म्हणून आरसाही सतत थोडाथोडा वळवावा लागतो. तेव्हा कुठे ऊन चौकातल्या चौकात टिकतं, दिवसाला साधारण सहा तास.

हे वाचताना मी सवयीने हिशोब केला. खर्च सुमारे १ लाख युरो, माणसं दोनशेहून कमी. म्हणजे माणशी ५०० युरोंहून जास्त, तेही वर्षातल्या ८३ दिवसांसाठी, आणि ऊन कोणाच्या घरात नाही, फक्त चौकात. आमच्या मीटिंगमध्ये हा प्रस्ताव पाच मिनिटंही टिकला नसता.

मला हे नक्की माहितीये, कारण अशा एका मीटिंगमध्ये मी होतो. आमच्या अ‍ॅपमध्ये मोठ्या अक्षरांची एक सोय होती. वापरणारे दोनशेच्या आसपास, बहुतेक म्हातारी माणसं. काढून टाकायचं ठरलं. कोड मीच डिलीट केला, दहा मिनिटांत. एकही तक्रार आली नाही, याचा तेव्हा आनंद झाला होता. ज्यांना अक्षरं दिसत नाहीत त्यांनी तक्रारीचा फॉर्म कसा भरायचा, हे डोक्यात आलं नाही.

आरशाने विगानेल्ला वाचलं, असं म्हणता येणार नाही. १ जानेवारी २०१६ ला शेजारच्या सेप्पियानाबरोबर ते बोर्गोमेद्झावाल्ले या नव्या पालिकेत विलीन झालं. नकाशावर स्वतंत्र गाव म्हणून त्याचं नाव राहिलं नाही. पण २०१३ मध्ये नॉर्वेतल्या र्युकाननेही डोंगरावर आरसे बसवले आणि आपल्या चौकात ऊन आणलं.

माझी आजी थंडीत अंगणात ऊन खात बसायची. एकटी कधीच नसायची, आळीतल्या दोघीतिघी हमखास यायच्या. विगानेल्लाने आरसा घरांवर न वळवता चौकावर का वळवला, हे मला तिच्यामुळे कळतं.

डिलीट केलेला कोड पूर्ण जात नाही, जुन्या कमिटमध्ये राहतो. परवा मी तो शोधून काढला. आता पुढच्या मीटिंगमध्ये दोनशे माणसांचा हिशोब मला मांडायचाय.